घरगुती पाणस्कूटर: विहिरीत पास, पण शाफ्टमधून पाणी येतंय (मदत हवी)

विहिरीतला बेडूक

नमस्कार मंडळी,

गेल्या दिवाळीपासून एक उद्योग चालू आहे. इथे टाकायचा धीर होत नव्हता, कारण अर्धवट गोष्टींचे धागे काढून पळ काढणाऱ्यांत माझा नंबर वरचा आहे. पण आता अडलंय, म्हणून आलो.

स्कूबा करणाऱ्यांना पाण्याखाली ओढून नेणारा स्कूटर असतो, तो घरी बनवतोय. पाइपाचा एक नळा, आत बॅटरी, मागे मोटर आणि पंखा, तिथेच हँडल. खटका दाबायचा आणि मागे लोंबकळत जायचं. परदेशी स्कूटरची किंमत कस्टमसकट पाहिली आणि लॅपटॉप मिटून ठेवला. मग मामाच्या शेतावर पाइपलाइनचा उरलेला तुकडा दिसला आणि डोक्यात किडा वळवळला.

सामान असं: १६० मिमी पीव्हीसी पाइप, १० किलोवाला, लांबी अर्धा मीटर. पुढच्या टोकाला कॅप, सॉल्व्हंट सिमेंटने कायमची बसवलेली. मागच्या टोकाला डेल्रिनची (कडक प्लास्टिक) चकती, भोसरीत एका ओळखीच्या टर्नरकडून दोन ओ-रिंगांच्या खाचा पाडून घेतली. मोटर म्हणजे छोट्या होडीला लावतात ती १२ व्होल्टची ट्रोलिंग मोटर, गोव्यातल्या मित्राकडून जुनी उचलली. दांडा कापून फक्त खालचं बोंड घेतलं. पूर्ण जोरात २५ अँपियर खाते. सेल लिथियम फॉस्फेटचे, ३२७०० मापाचे २० नग, चार सिरीजमध्ये आणि पाच पॅरलल, म्हणजे १२.८ व्होल्ट आणि ३० अँपियर-तास. कागदावर तासाभरापेक्षा जास्त, मी पाऊण तास धरतो. हँडलच्या खटक्यात चुंबक आणि नळ्याच्या आत रीड स्विच (चुंबक जवळ आला की जुळणारा), म्हणजे स्विचसाठी भोक नको. रीड स्विच रिलेला (छोट्या करंटने मोठा करंट जोडणारा-तोडणारा स्विच) चालवतो, रिले मोटरला.

गळती तपासायला दोन गोष्टी केल्या. आधी ब्रेक ब्लीड करायच्या हातपंपाने आतली हवा थोडी खेचून गेज अर्धा तास बघत बसलो, काटा हलला नाही. मग आत टिश्यू पेपर टाकून, दगड बांधून विहिरीत ३५ फुटांवर दोन तास सोडला. टिश्यू कोरडा ठाक. मामाच्या गड्याला वाटलं मी काहीतरी करणी करतोय.

आता अडचण. नळा कोरडा राहतो, पण खोलवर मोटर २० मिनिटं चालवली की मोटरच्या बोंडात चमचाभर पाणी सापडतं. मूळ सील मीटर-दीड मीटर खोलीसाठीच असणार, म्हणून काढून टाकलं आणि नाना पेठेतून दोन ऑईल सील (शाफ्टभोवती बसणारी रबरी कडी) आणून लावली. तरी येतंच. काय करू?

जाता जाता एक गंमत. खरी चालवून बघायला मामाच्या शेततळ्यात उतरलो. दोन फेऱ्या झकास. तिसऱ्या फेरीला खटका सोडला तर हा पठ्ठ्या थांबेचना. शेवटी मी सोडून दिला, तर मस्तवाल रेड्यासारखा सरळ काठावर चढला आणि पंख्याने प्लास्टिकचा कागद हातभर फाडला. मामा तीन दिवस बोलला नाही. फोटो संध्याकाळी टाकतो.

---

लेथवाला कोल्हापूर

एक नंबर काम! वाचनखूण साठवली.

ऑईल सीलचा ओठ कुठल्या बाजूला आहे? त्याच्या आत बारीक स्प्रिंग असते ना, ती स्प्रिंगची बाजू ज्याला अडवायचं त्याच्याकडे हवी. गाडीत तेल बाहेर जाऊ नये म्हणून ती आत असते. तुम्ही सवयीने तशीच बसवली असणार. मग बाहेरचं पाणी ओठ उचलून आत येतं, दाब वाढला की अजूनच मोकळेपणाने. बाहेरचं सील उलटं करा, स्प्रिंग समुद्राकडे. आतलं राहू द्या तसंच. दोघांच्या मधे ग्रीस ठासून भरा.

आणि शाफ्टवर नख फिरवून बघा. जुन्या सीलने घासून चर पाडलेला असतो. नख अडकलं तर नवं सील लावून काही होणार नाही, तिथे स्लीव्ह (धातूची पातळ नळी) चढवा किंवा सील दोन मिमी सरकवून बसवा.

---

गव्हाणे वस्ती

मला स्कूबा कळत नाही, पण बोअर कळतं. आमची सबमर्सिबल ३०० फुटांवर आहे. ती सोडायच्या आधी मोटरमधे पाणी भरतात, प्लग काढून, बुडबुडे जाईपर्यंत. खाली रबरी पडदा असतो. मोटर रिकामी ठेवून सोडली तर तुमच्यासारखंच होईल. आत हवा आहे म्हणून बाहेरचं पाणी दाबून घुसतं. आतच भरलेलं असेल तर दाब दोन्हीकडे सारखा, सीलला काम कमी.

तुमच्या मोटरमधे ब्रश असतील तर पाणी नको, तेल भरा.

---

लेथवाला कोल्हापूर

@गव्हाणे वस्ती, वा! आम्ही इथे सीलवर सील चढवत बसलो असतो.

पातळ तेल घ्या. जाड तेलात ब्रश तरंगतात आणि करंट नीट जात नाही. कार्बनची पूड तेलात मिसळून काळं होईल, चार-पाच डाइव्हनंतर बदलत राहा. थोडी ताकद तेल घुसळण्यात जाईल. आणि रबरी पडद्याच्या जागी सायकलच्या ट्यूबचा तुकडा, एक टोक बांधून, चालून जाईल.

---

अर्धवट इंजिनिअर

सहज माहिती: दुसऱ्या महायुद्धात इटालियन पाणबुडे असल्याच यंत्रावर बसून गेले होते. डिसेंबर १९४१ मध्ये अलेक्झांड्रिया बंदरात तीन यंत्रं आणि सहा माणसं शिरली आणि ब्रिटिशांच्या दोन युद्धनौका बंदरातच बसवल्या. चालवणाऱ्यांनी त्या यंत्राचं नाव ‘डुक्कर’ ठेवलं होतं, कारण ऐकायचं नाही. तुमच्या रेड्याची जात तीच दिसते. हलकेच घ्या.

बाकी पाइपाबद्दल. १० किलोवाला म्हणजे आतून १० किलो दर चौरस सेंटिमीटरला. तो आकडा आतून फुगवणाऱ्या दाबाचा आहे. समुद्र बाहेरून चेपतो, तिथे गणित वेगळं. चेपण्याला होणारा विरोध जाडीच्या घनावर जातो. जाडी निम्मी केली तर ताकद एक अष्टमांश. १० किलोवाल्या पाइपाची जाडी साधारण साडेसात मिमी आहे, त्यामुळे तुमचा ठीक आहे. पण हे वाचून कोणी घरातला सांडपाण्याचा पातळ पाइप उचलून स्कूटर करू नका, तो खूपच कमी खोलीवर पिचकू शकतो.

आणि टोकाच्या चकतीचं क्षेत्रफळ २०० चौरस सेंमी आहे. १० मीटरवर तिच्यावर २०० किलो वजन बसतं, ३० मीटरवर ६००. डेल्रिन किती जाड घेतलंय?

---

विहिरीतला बेडूक

२५ मिमी. टर्नर म्हणाला एवढं कशाला, मी म्हटलं असू दे.

सील उलटंच निघालं. @लेथवाला, तुमच्या पायाचा फोटो पाठवा, नमस्कार करतो. शाफ्टला चरही आहे, नख अडकतं. तेलाची आयडिया पुढच्या रविवारी.

---

पंक्चरवाला

मी असाच एक टॉर्चचा डबा केला होता. गळती बघायला टायरवाल्याच्या कंप्रेसरने हवा भरली. दोन किलोला कॅप सुटली, पत्र्याला पोचा आणि टायरवाल्याच्या कानशिलाजवळून गेली. आज हिशोब वाचल्यावर कळतंय की तेव्हा त्या कॅपमागे किती जोर होता. हवा खेचून तपासा, भरून नको. बेडूकरावांनी ते बरोबर केलंय.

---

पंधरा मीटर

सगळे सीलवर बोलताय. मी धागा दोनदा वाचला. मला एकाच ओळीची भीती वाटते आणि ती धागाकर्त्याने ‘जाता जाता गंमत’ म्हणून लिहिली आहे.

मी अंदमानात काही वर्षं डाइव्ह शिकवले आहेत. चमचाभर पाण्याने कोणी मरत नाही. नळ्यात पूर्ण पाणी भरलं तरी काय होईल? आतली पाच-सहा लिटर हवा गेली की स्कूटर पाच-सहा किलो जड होईल. सोडून द्या, जाऊ दे तळाला.

पण न थांबणारा स्कूटर? वेग किती मोजलात?

---

विहिरीतला बेडूक

तरण तलावात २५ मीटरला ३१ सेकंद. म्हणजे मिनिटाला ४८ मीटर.

---

पंधरा मीटर

आता हिशोब करा. तुम्ही १० मीटरवर आहात, तोंड वरच्या दिशेला आहे आणि खटका अडकला. साडेबारा सेकंदांत तुम्ही वर. नीट वर यायला मिनिटभराहून जास्त लागायला हवं, आपण मिनिटाला ९ मीटर शिकवतो. १० मीटरवर भरलेला श्वास वर येईपर्यंत दुप्पट होतो. घाबरलेला माणूस श्वास रोखतो. पुढचं मी लिहीत नाही, कोर्समध्ये तुम्हाला दाखवलेलं आहे.

‘मी सोडून दिला’ असं तुम्ही लिहिलंय. शेततळ्यात हातात धरला होता म्हणून सोडता आला. समुद्रात तो तुम्ही दोरीने कमरेच्या पट्ट्याला अडकवणार, कारण हातांनी ओढून घेतलं तर दहा मिनिटांत खांदे भरून येतात. मग सोडणार कसा? ताणाखाली हुक उघडत नाही.

आणि शेततळ्यात उतरलात ते वेगळंच. ओल्या प्लास्टिकवर पाय ठरत नाही. पोहता येणारी माणसं तिथे बुडाली आहेत. काठावर गाठी मारलेला दोर होता का?

---

विहिरीतला बेडूक

दोर होता ताई, मामा तो धरून बसला होता. म्हणून तर त्याने सगळं समोरून पाहिलं.

बाकी तुम्ही लिहिलंय ते वाचून रात्री झोप नीट लागली नाही. कमरेला कॅराबिनरच (गिर्यारोहकांचा कडीसारखा हुक) लावणार होतो. आज बॅटरी काढून रिले उघडला. हे पाहा: संपर्काचे दोन धातूचे ठिपके एकमेकांना चिकटलेले. स्क्रूड्रायव्हरने टिचकी मारली तेव्हा सुटले. रीड स्विच बिचारा निर्दोष होता. हॉर्नचा ३० अँपियरचा रिले होता, मोटर २५ खाते म्हणून पुरेल वाटलं.

---

गंज आणि ग्रीस

पुरणार नाही. २५ हा चालतानाचा आकडा. बंद मोटर सुरू होते त्या क्षणी पंखा थांबलेला असतो आणि मोटर चौपट-पाचपट खेचते. शिवाय डीसी तोडताना ठिणगी लांबते, एसीसारखी आपोआप विझत नाही. दर वेळी ठिपके थोडे वितळतात. तुम्ही तलावात किती वेळा चालू-बंद केलं असेल? शे-दोनशे? मग बरोबर.

आता तुम्ही म्हणाल मॉसफेट (ठिपके नसलेला इलेक्ट्रॉनिक स्विच) लावतो. लावा, सॉफ्ट स्टार्टसकट, त्याने सुरुवातीचा धक्काही जाईल. पण मॉसफेट मरतो तेव्हा बहुतेक वेळा आत-बाहेर जोडलेलाच मरतो. म्हणजे पुन्हा मोटर चालूच. म्हणून एकट्यावर भरवसा नाही. मॉसफेटच्या मालिकेत एक वेगळा कॉन्टॅक्टर (जड कामाचा रिले), आणि त्याला वेगळा चुंबक, तो चुंबक दोरीने मनगटाला. हात सुटला किंवा दोरी ओढली की चुंबक निघतो आणि कॉन्टॅक्टर तोडतो. ट्रेडमिलला लाल चावी असते ना, तेच. आणि दोन्ही एकाच सर्किटवरून चालवू नका.

फ्यूज आहे का बॅटरीजवळ? नसेल तर आधी तो.

---

विहिरीतला बेडूक

फ्यूज… आहे असं समजा, उद्या असेल.

---

पंधरा मीटर

गंज आणि ग्रीस यांना +१. आणि कॅराबिनर फेकून द्या. हुक आणि स्कूटर यांच्या मधे बारीक दोरीचा एक फास ठेवा, जो चाकूच्या एका फटक्यात तुटेल. चाकू डाव्या खांद्याच्या पट्ट्यावर, उजव्या हाताला सापडेल असा. पाण्यात नाही, घरी डोळे मिटून दहा वेळा हात नेऊन बघा.

---

ताम्हिणी ते टँपा

इथे फ्लोरिडात गुहांमधले डाइव्हर स्कूटर घेऊन किलोमीटरच्या किलोमीटर आत जातात. त्यांचा एक नियम तुमच्या उपयोगाचा: स्कूटर मेला तर पाय मारत परत यायला जेवढी हवा लागेल, तेवढी शिल्लक असेपर्यंतच पुढे जायचं. स्कूटरने १० मिनिटांत गेलेलं अंतर पायाने यायला अर्धा तास लागतो. माणूस हेच विसरतो, कारण जाताना श्वास अगदी आरामात चाललेला असतो.

वेग वाढवायच्या नादी लागू नका. दुप्पट वेगाला आठपट ताकद लागते. त्यापेक्षा लोंबणाऱ्या नळ्या, गेज, कॅमेरा आवरून अंगाशी घ्या, तेवढ्याने फरक पडतो.

---

अर्धवट इंजिनिअर

अवांतर: अंदमानला न्यायचा विचार असेल तर सोडा. १२.८ गुणिले ३० म्हणजे ३८४ वॉट-तास. प्रवासी विमानात १६० च्या वर लिथियम नेता येत नाही.

---

मालवणी झील

रे बाबा, म्हशीन तुजी बरी असा. अंदमान कित्याक, मालवणाक ये. पण पावसात येव नको, पाणी नुसती चाय. आणि हय काही भाग १९८७ पासून सागरी अभयारण्य असा, तेवा पंखो घालूचे आधी वनखात्याक इचार, डाइव्हवाल्याक इचार. किल्ल्याच्या पाठसून जाळी पडलेली असतत. तुज्या पंख्यात तंगूस गावली तर सोडवीत बसतलस दिसभर. पंख्याक जाळी घातलंस काय?

दुसरा, तुजी इहीर गोडी, समुद्र खारो. हय तो वर येतलो.

---

विहिरीतला बेडूक

@मालवणी झील, पंख्याभोवती कडं आहे, जाळी नाही. घालतो.

खाऱ्या पाण्याचं डोक्यातच आलं नव्हतं! विहिरीत मी अगदी ग्रॅमवर तोलून ठेवलाय, सोडला की जागच्या जागी राहतो. नळा १० लिटर पाणी बाजूला सारतो, समुद्राचं पाणी लिटरमागे २५ ग्रॅम जड. म्हणजे पाव किलोने वर येणार.

थोडे दिवस द्या, कामाला लागतो.

---

पुभाप्र

फोटू दिसत नाहीत.

---

विहिरीतला बेडूक

मंडळी, सात आठवड्यांनी आलो. धागा वर काढतोय, क्षमस्व.

मोटरमध्ये तेल, बुडाला सायकलच्या ट्यूबची पिशवी. खोल नेली की पिशवी किंचित चेपते, आत पाणी नाही. विहिरीत चार वेळा ३५ फुटांवर मोटर चालवून बघितली, तेल काळं झालंय पण दुधाळ नाही. पाणी मिसळलं असतं तर चहा झाला असता. गव्हाणे काका, तुमच्या बोअरला माझ्याकडून नारळ.

मॉसफेट, वेगळा कॉन्टॅक्टर, मनगटाला चुंबक, फ्यूज. घरी बादलीत ठेवून मुद्दाम मॉसफेटचे दोन पाय तारेने जोडले, म्हणजे मोटर चालूच राहिली. चुंबक ओढला, थांबली. हे ४० वेळा केलं. एकविसाव्या वेळी थांबली नाही. कॉन्टॅक्टर नाही, चुंबकाची चौकट वाकली होती आणि चुंबक अर्धाच निघत होता. अॅक्रिलिकची काढून डेल्रिनची केली, पुन्हा पहिल्यापासून ४०. बायको म्हणाली आता बादलीलाच डाइव्हिंगचं सर्टिफिकेट दे.

गेल्या शनिवारी मालवण. डाइव्हवाल्या दादांना आधी फोन, त्यांनी अभयारण्याबाहेरची जागा सांगितली, आणि सोबत त्यांचा एक पोरगा पूर्ण वेळ बाजूला. पाणी सहा-सात मीटर दिसत होतं. स्कूटर पाण्यात सोडला आणि झीलने सांगितलं तसाच, हळूच, नाक वर करून वर आला. होडीतल्या काकांनी जाळ्याची शिशाची मणी काढून दिली, तारेत ओवून बुडाला बांधली. सहा मण्यांना थोडा वर, सातला बरोबर जागेवर.

आठ मीटरवर १२ मिनिटं चालवला. पहिली दोन मिनिटं मी फक्त खटका सोडून थांबतो का तेच बघत होतो. सोडला, थांबला. सोडला, थांबला. मग कधीतरी विसरलो. खाली वाळूवर एक पाकट होतं, आमची सावली वरून गेली तेव्हा ते वाळू झटकून दुसरीकडे जाऊन बसलं. पायांची काहीच हालचाल नाही आणि तळ मागे सरकतोय, हे डोक्याला पटायला वेळ लागतो.

परत येताना पोरगा म्हणाला, दादा आता माका. दिला. त्याने एक वळसा मारला, थांबला, आणि मनगटावरची दोरी मुद्दाम ओढून बघितली. मी शिकवलं नव्हतं.

---

पंधरा मीटर

दोरी ओढणारा मुलगा आवडला. ३० मीटरची घाई करू नका. दहा डाइव्ह दहा मीटरवरच करा.

---

गव्हाणे वस्ती

नारळ पोचला असं समजतो. मामांच्या कागदाचं काय केलंत?

---

विहिरीतला बेडूक

गरम हवेने चिकटवणारा माणूस शोधतोय. मामाने बिलाचा अंदाज व्हॉट्सॲपवर पाठवलाय, खाली रेड्याचं चित्र.